‘हॅलो’नंतरची शांतता

सकाळचे साडेनऊ वाजले, की माझी वहिनी कुकरची शिट्टी होऊ देत नाही. कुकर फुसफुसायला लागला, की हातातलं काम टाकून धावते आणि गॅस बारीक करते. जिन्यात पोरांनी दंगा केला, तर दार उघडून नुसते डोळे वटारते. कारण विचारलं, तर छताकडे बोट!

‘वर अक्का झोपल्यात. रात्रभर लोकांना जगवून आल्यात.’

मला आधी ‘जागवून’ ऐकू आलं. म्हटलं, या अक्का काय गोंधळ-जागरण घालतात की काय?

माझा दादा २०२३ च्या मे महिन्यात चाकणहून बदली होऊन इरुंगाट्टुकोट्टैला गेला. (हे नाव पहिल्या झटक्यात बरोबर म्हणणाऱ्याला माझ्यातर्फे एक फिल्टर कॉफी.) चेन्नईहून बंगळुरूच्या रस्त्याला लागलं, की पूनमल्लीच्या पुढे आणि श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे हे ठिकाण येतं. १९९६ साली ह्युंदाई कंपनी इथे आली, १९९८ मध्ये इथून पहिली सँट्रो बाहेर पडली, आणि तेव्हापासून गाव राहिलं बाजूला, कारखानेच कारखाने झाले. गाड्यांचे सुटे भाग बनवणारे, ते रंगवणारे, नुसते खोक्यात भरणारेसुद्धा. बिहार, ओडिशा, आसामकडची मुलं इथे एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात. आमच्या दादासारखे काही पुण्याकडचेही आहेत.

इमारतीसमोरून जाणारा हमरस्ता म्हणजे आपला जुना एनएच ४, आताचा ४८. पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर करत करत तो इथवर येतो. वहिनी कराडची. गॅलरीत कपडे वाळत घालताना ती म्हणायची, ‘या रस्त्यानं सरळ चालत सुटले ना, तर थेट माहेरी पोचेन.’ आणि आम्ही सगळे हसायचो.

वरच्या मजल्यावरच्या अक्का तंजावरी मराठी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर जी घरं दक्षिणेत गेली, त्यांतलं एक यांचं. बोलतात मराठीच, पण सूर तमिळ, आणि मधूनच एखादा शब्द असा येतो की आपली पणजी बोलतेय असं वाटावं. देवनागरी मात्र वाचता येत नाही. लिहिणं-वाचणं सगळं तमिळ आणि इंग्रजीत. वहिनी त्यांना ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून ओळख करून द्यायला लागली, तर त्यांनी लगेच थांबवलं. ‘डॉक्टर नव्हे गं. गोळ्या लिहून देणारे ते मनोविकारतज्ज्ञ. मी मानसशास्त्रज्ञ.’ एम.ए., त्यानंतर चिकित्सा मानसशास्त्राचं दोन वर्षांचं एम.फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी, एवढं सगळं त्यांनी केलेलं. अक्का पूर्वी एका दवाखान्यात होत्या. आता जीव नकोसा झालेल्या माणसांचे फोन घेतात. कुठल्या हेल्पलाइनवर, ते लिहायचं नाही असं त्यांनी बजावलंय.

मी गेले होते आठ दिवसांच्या सुट्टीवर. पण पत्रकाराची सुट्टी ती कसली! दुसऱ्याच दिवशी अक्कांना गाठलं आणि म्हटलं, ‘एखादा किस्सा सांगा ना.’

‘किस्सा नाही सांगणार.’

‘नाव-गाव बदलून?’

‘एका माणसानं रात्री दोन वाजता मला सांगितलं, ते माझ्यासाठी होतं. तुझ्या साप्ताहिकासाठी नव्हतं.’

झालं! माझा लेख तिथेच आटोपला, असं मला वाटलं. पण अक्का किस्से सांगत नसल्या, तरी काम कसं चालतं ते सांगायला त्यांची ना नव्हती.

रात्रपाळीला त्या संध्याकाळी सातच्या बसनं निघतात. ज्या रस्त्यानं कंपन्यांच्या बसगाड्या कामगार घेऊन येतात, त्याच रस्त्यानं उलट्या दिशेला. टेबल, संगणक, कानाला लावायचं यंत्र, पाण्याची बाटली. फोन वाजला की आधी समुपदेशक घेतो. झोप येत नाही, घरात भांडण झालंय, परीक्षेची धास्ती वाटतेय, असे फोन बहुतेक तिथेच मार्गी लागतात. बोलता बोलता जिवाचा धोका जाणवला, की तो फोन अक्कांसारख्या तज्ज्ञाकडे येतो. म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचतात ते गाळून आलेले फोन. सोपा एकही नाही.

फोन पुढे देण्याचीही रीत आहे. ‘थांबा हं, लावून देतो’ म्हणून बोलणाऱ्याला संगीत ऐकवत ठेवायचं नाही. पहिला समुपदेशक ओळीवरच थांबतो, अक्कांचा आवाज ऐकू आला की दोघांची ओळख करून देतो आणि मगच बाजूला होतो. एवढं बळ एकवटून केलेला फोन मधल्या शांततेत तुटला, तर तो माणूस पुन्हा करेलच याचा काय भरवसा?

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवाही साधारण अशीच पायऱ्यापायऱ्यांची आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी ती सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास, पैसे पडत नाहीत, वीस भाषांत बोलता येतं. मराठी आहेच. बंगळुरूची ‘निम्हान्स’ ही तिची मुख्य संस्था. पुढे गरज लागली, तर जवळच्या सरकारी रुग्णालयाशी गाठ घालून देतात. हा नंबर आमच्या घरात कुणालाच पाठ नव्हता, असं मी तेव्हा समजत होते.

अशा फोनची कल्पना मात्र डॉक्टरांची नव्हे, एका पाद्र्याची. चॅड वारा हे त्यांचं नाव. १९३५ साली, तरुणपणी, त्यांना एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी करावा लागला. मासिक पाळी सुरू झाली तर मुलीला वाटलं, आपल्याला काही घाण रोग झाला. विचारायला कुणी नव्हतं. तिनं जीव दिला. ती गोष्ट वारांच्या मनातून गेली नाही. १९५३ मध्ये त्यांनी लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये टेलिफोन ठेवला. फोन करणारे लोक प्रत्यक्षही यायला लागले. पाद्रीबाबा कामात असले, तर बाहेरच्या खोलीत मदतीला आलेली साधी माणसं त्यांना चहा द्यायची, चार शब्द बोलायची. आणि वारांच्या ध्यानात आलं, की चहा घेतलेल्यांपैकी कितीतरी जणांना आत यायची गरजच उरत नाही! ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातून उभी राहिली.

चेन्नईत हेच काम ‘स्नेहा’ ही संस्था १९८६ पासून करतेय. मनोविकारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ती सुरू केली. तिथले स्वयंसेवकही तुमच्याआमच्यासारखेच, प्रशिक्षण घेतलेले. ‘मग तुमची गरज काय?’ मी जरा आगाऊपणेच विचारलं. अक्का चिडल्या नाहीत. ‘स्वयंसेवक मैत्रीनं शेजारी बसतो. मलाही बसायचंच असतं. पण मला त्याबरोबर मापही घ्यावं लागतं. पाणी घोट्यापर्यंत आहे की गळ्यापर्यंत.’

हे माप कसं घेतात, ते त्यांनी मला सांगितलं नाही. करायला लावलं.

‘तू बस माझ्या जागी. मी फोन करते.’

वहिनी ओट्याशी पोळ्या लाटत होती. आम्ही जेवणाच्या टेबलाशी. अक्कांनी मूठ कानाला लावली. मी म्हटलं, ‘हॅलो.’

पलीकडून काही नाही. पुन्हा हॅलो. काही नाही. मी म्हटलं, ‘कोण बोलतंय?’ अक्कांनी मूठ खाली ठेवली. ‘तुटला फोन. कोण बोलतंय हे पोलीस विचारतात.’

दुसरी खेप. या वेळी अगदी दमलेला आवाज काढून त्या म्हणाल्या, ‘मला आता हे सगळं नको झालंय.’ मी घाईघाईनं, ‘अहो, असं काय म्हणता? तुम्हाला काय कमी आहे? मुलांकडे बघा!’ मूठ खाली. ‘मुलांकडे बघून बघूनच दमलीय ती बाई. तेच तिला सासू सांगते, नवरा सांगतो, आईसुद्धा सांगते. ते ऐकायला तिनं परक्या बाईला फोन केला होता होय?’

माझे कान तापले. खरं सांगते, कुणी रडायला लागलं की आपल्याकडे लगेच सल्ल्याचा डबा उघडतो. सगळं ठीक होईल, देवाचं नाव घे, लोकांची दुःखं बघ. देणाऱ्याचा वेळ बरा जातो, हे त्यातलं मुख्य.

तिसऱ्या खेपेला मी तोंड आवरलं. त्या बोलल्या, मी ऐकलं. मध्ये थांबल्या, तर मीही थांबले. ‘फारच ओढ होतेय तुमची, सांगा ना,’ एवढंच म्हटलं. अक्कांची मान हलली, म्हणजे बरं चाललं होतं. मग त्या हळूच म्हणाल्या, ‘वाटतं, झोपावं आणि उठूच नये.’ आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

पुढचा प्रश्न काय, ते मला कळत होतं. पण तोंडातून फुटेना. पुढाऱ्यांना वाट्टेल ते विचारायचा पगार घेणारी मी! टेबलावरचं मिठाचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं. शेवटी अक्काच म्हणाल्या, ‘मरावंसं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का? बस. साधे शब्द, आणि आवाज हलू द्यायचा नाही.’

ओट्यावरचं लाटणं थांबलं होतं. मला वाटलं, पोळी लाटून झाली असेल.

असं विचारलं तर नसता विचार डोक्यात घातल्यासारखं होतं, ही भीती घरोघरी असते. मलाही होती. आजवरच्या अभ्यासांत तसं काही आढळलेलं नाही. उलट ज्याच्या मनात तो विचार असतो, त्याला पहिल्यांदा कुणीतरी तो शब्द न घाबरता उच्चारलेला ऐकू येतो. अक्का म्हणतात, त्यानंतर पलीकडचा श्वास बदलतो. तो ऐकायला कान तयार व्हावे लागतात, कारण चेहरा दिसत नाही. दवाखान्यात त्यांना माणसाचे हात, कपडे, डोळे दिसायचे. इथे पंख्याचा आवाज, रस्त्यावरची गाडी, बाजूला रडणारं मूल, एवढ्यावरून खोली उभी करायची.

‘हो’ असं उत्तर आलं, की पुढचे प्रश्न. कधीपासून? काही ठरवलंय का? ते साधन हाताशी आहे का? पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? आत्ता घरात कोण आहे? दारू घेतलीय का? प्रश्न यादीतले असतात, पण यादी वाचतोय असं वाटू द्यायचं नाही. बोलता बोलता अक्का त्या माणसाला ते साधन शेजाऱ्याकडे द्यायला, निदान दुसऱ्या खोलीत ठेवून कुलूप लावायला तयार करतात. कारण तो कडेलोटाचा क्षण सहसा फार वेळ टिकत नाही. काही मिनिटं, काही तास. तेवढा वेळ हाताशी काही नसलं, तर माणूस बहुतेकदा त्यातून बाहेर येतो.

यावरून त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. तमिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यात ‘स्नेहा’नं दोन गावांत कीटकनाशकं ठेवायला सामायिक कोठार बांधलं. बँकेत असतात तसे लॉकर, प्रत्येक शेतकऱ्याचा आपापला. औषध घरात ठेवायचं नाही. फवारणीच्या दिवशी जायचं, राखणदारासमोर काढायचं. शेजारच्या गावांशी ताडून पाहिलं, तर या गावांत विषप्राशनाच्या घटना कमी झालेल्या दिसल्या. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. घर आणि विष यांच्यामध्ये फक्त दोन गल्ल्यांचं चालणं घातलं होतं!

जीव आत्ता, या घटकेला धोक्यात आहे असं दिसलं, तर गुप्ततेचा नियम बाजूला ठेवून घरच्यांना किंवा १०८ च्या रुग्णवाहिकेला कळवावं लागतं. तेही शक्यतो त्या माणसाला सांगून. ‘पोलीस येतील का? केस होईल का?’ हा प्रश्न अजूनही येतो. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ होतं, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ मध्ये लागू झाला, आणि अशा माणसावर प्रचंड ताण होता असं धरून त्याला शिक्षा करू नये, उपचार द्यावेत, असं ठरलं. १ जुलै २०२४ पासून दंड संहिताच गेली, नव्या न्याय संहितेत ते जुनं कलम नाही. पण कायदा बदलला म्हणून भीती बदलत नाही.

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. सर्वांत जास्त महाराष्ट्रात, २२,७४६. दुसरा नंबर तमिळनाडूचा. म्हणजे हा रस्ता दोन्ही टोकांना सारखाच. सरकारी नोंदीत कारणांमध्ये सर्वांत वर ‘कौटुंबिक समस्या’ आहे. अक्का यावर नाक मुरडतात. ‘एका कारणानं कुणी मरत नाही. तुम्ही पेपरवाले छापता, नापास झाला म्हणून मेला. म्हणजे नापास झालेल्या बाकीच्यांना काय वाचायला मिळतं?’ मी खाली मान घातली. माझ्याही नावावर अशा बातम्या असतील.

परीक्षांच्या निकालांचे दिवस हेल्पलाइनवर जड जातात. सप्टेंबर २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारनं वेगळंच केलं. ‘नीट’ परीक्षा दिलेल्या एक लाखाहून अधिक मुलांना १०४ या आरोग्यसेवेमार्फत समुपदेशकांनी आपणहून फोन करायचे, असं ठरवलं. मुलं फोन करतील याची वाट कशाला बघायची?

आणि काहीच न बोलणारे फोन? ते रोज येतात. त्यांतले काही टवाळखोरांचे, काही घाणेरडं बोलायला आलेल्यांचे. ते ओळखून बंद करायला शिकवलेलं असतं. पण खरी शांतता निराळी असते. ‘तिथे आम्ही बोलत राहतो. मी आहे. तुम्हाला बोलायचं नसेल तर नका बोलू, मी थांबते. दर मिनिटा-दोन मिनिटांनी एवढंच.’

‘आणि मग?’

‘मग फोन ठेवला जातो.’

‘पुढे काय झालं, ते?’

‘कळत नाही.’ अक्कांनी कॉफीचा पेला बशीत उपडा घातला. ‘दवाखान्यात माणूस पुढच्या तारखेला येतो. इथे बऱ्याचदा शेवटचं पान फाटलेलं पुस्तक. वहिनी तुझी म्हणते, मी लोकांना जगवते. मी कुणाला जगवत नाही. जगतात ते त्यांचे ते.’ जड फोन झाला, की लगेच दुसरा घेऊ देत नाहीत, वरिष्ठांशी बोलून मोकळं व्हायचं असतं. तरीही घरी आल्यावर त्या आधी तासभर झाडांना पाणी घालतात. बारा कुंड्यांना तासभर!

त्या दिवशी दुपारी अक्का वर झोपायला गेल्या. मी आणि वहिनी भाजी निवडत बसलो होतो. ती एकदम म्हणाली, ‘मी लावला होता तो नंबर.’

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळ आलं, चेन्नई पाण्याखाली गेली. त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. नव्या गावात येऊन सात महिने झालेले. भाषा येत नाही. मूल दीड वर्षाचं, तापानं फणफणलेलं. दादाची रात्रपाळी, त्यात पावसात बुडालेलं काम भरून काढायचं म्हणून जादा तास. आईला फोन केला तर ती म्हणाली, ‘अगं, नवरा कमावता आहे, फ्लॅट आहे, आणखी काय हवं?’ मला केला होता, तो मी कामाच्या गडबडीत उचललाच नव्हता. नंतर केला, तेव्हा ती ‘सहज केला होता गं’ म्हणाली आणि मी ते खरं मानलं.

‘मराठी निवडली. कुणीतरी बाई मराठीत बोलली. तेवढ्यानंच मला रडू फुटलं, आवाजच निघेना. ती म्हणाली, मी आहे, सावकाश. मग गप्प. मग पुन्हा, मी आहे. सात-आठ मिनिटं झाली असतील. मग बाळ उठलं, मी फोन ठेवला.’

‘एक शब्दही बोलली नाहीस?’

‘नाही.’

गवारीच्या शेंगा मोडायच्या राहिल्या होत्या. सकाळी मिठाच्या भांड्याशी खेळ करून टाळलेला प्रश्न आता समोर होता, आणि या वेळी पलीकडे अक्का नव्हत्या.

‘मरावंसं वाटत होतं का तेव्हा?’

‘हो,’ वहिनी म्हणाली. शेंगेची शीर ओढत, अगदी साध्या आवाजात. ‘रोज.’

‘आणि आता?’

‘आता नाही. कधी कधी फार दमते. पण तसं नाही.’ मग जरा वेळानं, ‘तू विचारलंस हे बरं केलंस. दादांनी कधी विचारलं नाही. त्यांना सुचलंच नसतं.’

अक्कांना तिनं हे सांगितलेलं नाही. तो आवाज त्यांचा नव्हता, एवढं तिला ठाऊक आहे. ‘पण कुणाचा तरी होता ना. तीही रात्रभर जागून सकाळी घरी गेली असेल. तिच्या खाली कोण राहतं, कुणास ठाऊक.’

मी हे लिहू का, असं विचारलं, तर तिनं चार दिवस मागितले. आधी दादाला सांगितलं, मगच मला ‘लिही’ म्हणाली. हा अंक कराडला पोचेल, इरुंगाट्टुकोट्टैलाही पोस्टानं जाईल. अक्कांना तो वाचता यायचा नाही. त्यांना वाचून दाखवायचा की नाही, ते वहिनीचं वहिनी ठरवेल.

दादाला रात्रपाळी बदलून घेता येत नाही. पण आता तो रात्री जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करतो. ती झोपेत असली, तरी उचलते. काय बोलता एवढ्या रात्री, म्हणून मी परवा विचारलं.

‘काही नाही गं,’ वहिनी म्हणाली, ‘डब्यातली आमटी खारट झाली होती म्हणाले.’